हॅरिएट टबमन : आईच्या सुटकेचा कागद



१० मार्च ही सावित्रीबाई फुले यांची पुण्यतिथी. आपण शाळेत दरवर्षी ती साजरी करतो. याच तारखेला, १९१३ मध्ये, अमेरिकेतल्या ऑबर्न गावी हॅरिएट टबमन यांचं निधन झालं. गुलामांना अंधारातून वाट दाखवणारी शूर बाई म्हणून मुलांना त्या थोड्याफार माहीत असतात. पण त्यांच्या आयुष्यात एका मृत्युपत्राचं मोठं काम आहे, ते सहसा सांगितलं जात नाही. आज त्या कागदापासून सुरुवात करू या.

मृत्युपत्रातली अट

मेरीलँड राज्यातल्या डॉर्चेस्टर काउंटीत अ‍ॅथो पॅटिसन नावाचा जमीनदार होता. १७९१ मध्ये त्याने मृत्युपत्र केलं आणि त्यात रिट नावाची एक लहान मुलगी आपल्या नातीच्या, मेरीच्या, नावे केली. आपल्याकडे जमीन किंवा दागिने नावे करतात ना, तसंच. मात्र त्याने एक अट घातली. रिटने आणि पुढे तिला होणाऱ्या मुलांनी वयाच्या ४५ वर्षांपर्यंतच गुलामीत राहायचं. ४५ म्हणजे अंगातली सगळी ताकद दुसऱ्याच्या शेतात संपल्यावर! तरी सुटकेचा हक्क होता आणि तो कागदावर होता. १७९७ मध्ये पॅटिसन वारला.

रिट मोठी झाली. बेन रॉस या गुलामाशी तिचा संसार झाला, नऊ मुलं झाली. त्यातली एक अरामिंटा, लाडाने मिंटी. हीच पुढची हॅरिएट. आई गुलाम म्हणून मुलंही गुलाम, असा तिथला कायदा होता. मेरीचा मुलगा एडवर्ड ब्रोडेस आता मालक होता. त्याने मिंटीच्या तीन बहिणी विकून टाकल्या. त्या घरच्यांना पुन्हा कधी दिसल्या नाहीत. मिंटी लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी राबायला जायची. एकदा मुकादमाने दुसऱ्यावर फेकलेलं वजन तिच्या डोक्याला लागलं. तेव्हापासून काम करता करता अचानक झोप लागण्याचा आजार तिला जन्मभर पुरला.

रिटची पंचेचाळिशी उलटली. सुटकेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पाच डॉलर

बेन रॉसचं नशीब वेगळं निघालं. त्याचा मालक अँथनी थॉम्पसन १८३६ मध्ये वारला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे बेन १८४० मध्ये खरोखर मुक्त झाला. एकाच घरात बापाचा कागद पाळला गेला, आईचा दडपला गेला.

हॅरिएट यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आईच्या बाबतीत काहीतरी लपवलंय, हा संशय त्यांना होता. १८४५ च्या सुमारास त्यांनी मजुरीतून साठवलेले ५ डॉलर एका वकिलाला देऊन जुनी मृत्युपत्रं शोधायला लावली. आपल्या आईचा हक्क काय होता, हे त्यांना तेव्हा कळलं. उपयोग मात्र शून्य! गुलाम बाईच्या बाजूने तो हक्क बजावणार कोण?

१८४९ मध्ये ब्रोडेस कर्ज ठेवून वारला. मालक मेला की मालमत्तेची यादी व्हायची, कर्ज फेडायला काय काय विकायचं ते ठरायचं. त्या यादीत माणसंही असायची. गंमत बघा, पॅटिसनचे वारसही तेव्हा तेच जुनं मृत्युपत्र घेऊन कोर्टात गेले. कशासाठी? रिटला सोडवायला नाही. ४५ वर्षांनंतर ती आणि तिची मुलं आमच्या मालकीची, असा त्यांचा दावा होता.

आपण विकले जाणार हे हॅरिएट यांनी ओळखलं आणि त्याच वर्षी त्या पळून पेनसिल्व्हेनियात पोचल्या. पुढच्या वर्षी त्यांची भाची आणि तिची दोन मुलं केंब्रिजच्या कोर्टासमोर लिलावात निघाली. तिच्या स्वतंत्र असलेल्या नवऱ्यानेच बोली लावली आणि पैसे भरायची वेळ यायच्या आत कुटुंब पसार झालं. पुढची वाट हॅरिएट यांनी दाखवली. सुमारे १३ फेऱ्यांत त्यांनी ७० च्या आसपास माणसं बाहेर काढली. यादवी युद्धात, जून १८६३ मध्ये, कंबाही नदीवरच्या मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले, त्यातही त्या पुढे होत्या.

आणि रिट? १८५५ मध्ये बेनने स्वतःच्या बायकोला २० डॉलरला विकत घेतलं. जिचा सुटकेचा हक्क पंचविसेक वर्षांपूर्वीच झाला होता, तिला! दोन वर्षांनी हॅरिएट यांनी म्हाताऱ्या आई-बापांनाही उत्तरेकडे नेलं.

तेच कागद आज

१८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांची नावं जवळजवळ नाहीतच. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग. म्हणून आज आपले पूर्वज शोधणारी कृष्णवर्णीय कुटुंबं आधी शेवटच्या मालकाचं नाव शोधतात आणि मग त्या घराण्याची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, वाटणीपत्रं तपासतात. बैल, नांगर, पलंग यांच्या रांगेत एखादं नाव, वय आणि किंमत सापडते. तीच त्यांची पणजी असते. वाचताना पोटात कालवतं, पण तो कागद टाकूनही देता येत नाही.

हॅरिएट यांचं जन्मसालही असंच सापडलं. त्यांच्या समाधीवर एक साल, मृत्यूच्या दाखल्यात दुसरंच. मार्च १८२२ मध्ये रिटच्या बाळंतपणासाठी सुईणीला २ डॉलर दिल्याची नोंद मालकाच्या हिशेबात मिळाली, म्हणून अभ्यासक आता १८२२ धरतात. लेकराचा जन्म खर्चाच्या रकान्यात!

आपल्याकडे कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख १ जून असते, कारण गुरुजींनी दाखल्यावर ती लिहिली. गुलामीशी त्याची तुलना नाही. पण नोंद कोण करतं आणि कशासाठी, हा प्रश्न इथून मुलांना सहज समजेल.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरातला एक जुना कागद बघायला सांगा : सातबारा, वारस नोंद, दाखला. त्यात कुणाची नावं आहेत? आजीचं आहे का?
२. विचारा : बेनचा कागद पाळला गेला, रिटचा का नाही?
३. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, हेही सांगा. त्या वेळी हॅरिएट टबमन ऑबर्नमध्ये राहत होत्या.

साक्षरतेचं महत्त्व सांगताना आपण पुष्कळ घोषणा देतो. त्यापेक्षा पाच डॉलरची ही हकीकत सांगून बघा. आपल्या आईच्या नावाने काय लिहिलंय, हे कळायला ज्यांना पैसे मोजावे लागले, त्यांची आठवण मुलं विसरणार नाहीत.