पुण्यात पहिला आलेला म्हैसूरकर

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो, तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. कन्नड विभागात त्यांच्यावर कोणी ना कोणी लिहितेच. पण ते इंजिनिअर झाले ते पुण्यात, म्हणून मराठी विभागाचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे!

१८६१ साली चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बी. ए. केले. पुढचे शिक्षण त्यांना परवडण्यासारखे नव्हते, पण म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत ते पहिले आले व जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. हे बर्कले म्हणजे मुंबई-ठाणे लोहमार्गाचे मुख्य इंजिनिअर. त्या काळी पहिल्या नंबराला केवळ मानच नव्हे, तर मुंबई सरकारची नोकरीही मिळे. १८८४ साली ते नाशिकला असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले.

खानदेशात पांझरा नदीखालून नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले ते ऐन पावसाळ्यात. काम पुढे ढकलावे असे त्यांनी कळविले, ते वरिष्ठांना रुचले नाही. मग त्यांनी ते काम पुरे करूनच दाखविले. नीरा कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पाणी देण्याची 'ब्लॉक' पद्धत आणली, तिला शेतकऱ्यांनी आधी विरोध केला होता.

त्यांचे खरे नाव झाले ते खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे. पुण्याला पाणी जास्त हवे होते, पण जुना बांध उंच करणे धोक्याचे होते. विश्वेश्वरय्यांनी बांधाला हात न लावता सांडव्यावर दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत, पूर ओसरला की आपोआप मिटत. हे झाले १९०३ साली. पुढे हेच दरवाजे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर बसले. आपले उज्जैन तेव्हा त्याच शिंद्यांच्या संस्थानात होते.

लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना सन्माननीय सदस्य करून घेतले. तरीही मुंबई सरकारातील सर्वोच्च जागा हिंदी माणसाला मिळणे कठीणच होते. १९०८ साली त्यांनी ती नोकरी सोडली.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले आणि १९१२ साली दिवाण. कृष्णराजसागर सर्वांना ठाऊक आहे. आम्हा कॉमर्सवाल्यांना जवळची वाटते ती १९१३ सालची म्हैसूर बँक. १९१६ साली विद्यापीठ आणि १९१७ साली बंगळूरचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले.

१९१८ साली ब्राह्मणेतरांसाठी नोकऱ्या राखून ठेवण्याचा प्रश्न निघाला. गुणवत्तेखेरीज दुसरी कसोटी त्यांना मान्य नव्हती. त्यांनी दिवाणगिरी सोडली. येथे मला त्यांचे पटत नाही. त्यांचा पहिला नंबर त्यांच्या कष्टाचा, यात शंका नाही. पण परीक्षेला बसण्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनाही सरकारी मदत लागलीच होती, आणि खेड्यापाड्यातल्या कित्येकांना तर शाळेचे दारही बंद होते.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी ओलांडून १९६२ साली बंगळूर येथे ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीस झाले.