नाईक यशवंत घाडगे

१९२२ सालापासून मराठा रेजिमेंटचे केंद्र आमच्या बेळगावात आहे. सकाळी शाळेची वाट चालत असता कवायतीच्या बुटांचा ठेका कानी येतो आणि मिसरूडही न फुटलेले ते जवान पाहून, याच पलटणीतल्या आणि याच वयाच्या एका तरुणाचे आम्हांला स्मरण होते. तो तरुण म्हणजे नाईक यशवंत घाडगे.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. कोकणची भूमी जितकी रम्य, तितकीच तिची शेती तुटपुंजी. पोटासाठी मुंबई गाठावी नाही तर पलटणीत नाव घालावे, याच वाटा तेथील तरुणांच्या परिचयाच्या होत्या. यशवंतांनी पलटण पत्करली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर जाऊन पोहोचले.

जून १९४४ मध्ये रोम शहर दोस्तांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते. पण प्रत्येक टेकडी लढवीत हटत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन त्यांच्याशी झुंजत होती. १० जुलै रोजी यशवंतांची तुकडी पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात तुकडीतील सारे जवान मृत वा जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे यशवंत.

आपल्या मागे आता कोणी नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी ती तोफ व तिचा चालक निकामी केला. दुसऱ्या एका सैनिकाला टॉमीगनने टिपले. काडतुसांची मॅगझीन बदलण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. मोर्चा त्यांनी जिंकला. परंतु दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. वय अवघे बावीस वर्षांचे. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक त्यांना मरणोत्तर मिळाले. ते स्वीकारण्याचे प्राक्तन त्यांच्या तरुण पत्नीच्या वाट्याला आले.

विद्यार्थिमित्रहो, येथे एक प्रश्न आमच्या मनास बोचल्यावाचून राहत नाही. १९४२ च्या आंदोलनातील कित्येक देशभक्त ज्या सरकारच्या तुरुंगात होते, त्याच सरकारच्या झेंड्याखाली हा वीर लढला. मग त्याचा अभिमान आपण कसा धरावा? आम्हांला असे वाटते की, साम्राज्याचा हिशेब वेगळा आणि माणसाचा वेगळा. भोवती आपले सोबती रक्तात पडलेले असताना पाठ न फिरवणे, हे कोणत्याही झेंड्याचे देणे नव्हे. पुढे स्वतंत्र भारताच्या मराठा पलटणीने हाच वारसा अभिमानाने जपला. शत्रूपक्षाकडील ती चार माणसेही कुणाची तरी मुले होती, हेही आपण विसरू नये. युद्ध गौरवास्पद नसते; त्यात दिसणारी निष्ठा तेवढी गौरवास्पद असते.

इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. यशवंतांची कबर कोठेच नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे केवळ नाव आहे. माणगावी तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये, त्याच टायबर खोऱ्यातील माँतोने गावाने त्यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते छायेवरून वेळ दाखवणारे सूर्यघड्याळ आहे; आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लेखाचा आशय.

ज्या मातीत त्यांचे रक्त सांडले, तिने एकोणऐंशी वर्षांनीही त्यांची आठवण ठेवली. मग ज्या मातीने त्यांना वाढवले, तिच्या लेकरांनी त्यांना विसरावे काय? माणगावावरून जाण्याचा योग आला, तर त्या पुतळ्यापाशी घटकाभर थांबा, एवढेच आमचे सांगणे.