बिल मास्टरटन : नियमात बसलेल्या धक्क्याचा बळी

आईस हॉकीतील नॅशनल हॉकी लीग ही उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा १९१७ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून सामन्यात झालेल्या दुखापतीमुळे थेट मृत्यू ओढवल्याची या स्पर्धेच्या इतिहासात एकच नोंद आहे. मिनेसोटा नॉर्थ स्टार्स संघाचे खेळाडू बिल मास्टरटन यांचे १५ जानेवारी १९६८ रोजी निधन झाले. त्या वेळी ते अवघे २९ वर्षांचे होते. ज्या धक्क्याने ते कोसळले, तो पंचांनी नियमबाह्य ठरवला नव्हता. प्रतिस्पर्ध्याला अंगाने जोरदार धक्का देणे, म्हणजे बॉडी चेक, वैध मानावे की नाही या वादात त्यांचे नाव म्हणूनच आजही घेतले जाते.

मास्टरटन यांचा जन्म १३ ऑगस्ट १९३८ रोजी कॅनडातील मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग येथे झाला. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फाखाली असणाऱ्या या शहरात आईस हॉकी हा मुलांचा रोजचा खेळ. त्या काळी गुणी खेळाडू किशोरवयातच शिक्षण सोडून व्यावसायिक संघांच्या वाटेला लागत. मास्टरटन यांनी मात्र अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठात प्रवेश घेतला. डेन्व्हरच्या संघाने १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले. १९६१ च्या अंतिम सामन्यात या संघाने सेंट लॉरेन्स विद्यापीठाचा १२-२ असा धुव्वा उडवला आणि त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून मास्टरटन यांची निवड झाली.

पदवीनंतर ते मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या बलाढ्य संघाच्या दुय्यम संघांतून खेळू लागले. १९६२-६३ च्या हंगामात क्लीव्हलँड बॅरन्स संघाकडून त्यांनी २७ गोल केले. तरीही मुख्य संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. यात त्यांचा दोष फारसा नव्हता. त्या वेळी लीगमध्ये केवळ सहा संघ होते आणि मॉन्ट्रियल हा त्यांतील सर्वांत समृद्ध संघांपैकी एक. वय वाढत चालले होते, संसाराची जबाबदारी होती. मास्टरटन यांनी व्यावसायिक हॉकीला रामराम ठोकला, डेन्व्हरला परतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि मिनियापोलिस येथे हनीवेल कंपनीत नोकरी धरली. हौशी संघातून खेळणे मात्र सुरूच होते. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि १९६६-६७ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडूनही खेळले.

१९६७ मध्ये लीगने संघांची संख्या सहावरून एकदम बारा केली. नव्या संघांपैकी एक मिनेसोटा नॉर्थ स्टार्स हा होता आणि या संघाने सर्वप्रथम करारबद्ध केलेले खेळाडू होते बिल मास्टरटन. स्थिर नोकरी सोडून वयाच्या २९ व्या वर्षी त्यांनी पुन्हा नशीब आजमावण्याचे ठरवले. ११ ऑक्टोबर १९६७ रोजी सेंट लुईस संघाविरुद्धच्या सामन्यात नॉर्थ स्टार्सच्या इतिहासातील पहिला गोल त्यांच्याच स्टिकमधून झाला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. लीगमधील त्यांची कारकीर्द एकूण ३८ सामन्यांची ठरली. त्यात त्यांनी ४ गोल केले आणि ८ गोलांना साहाय्य केले.

१३ जानेवारी १९६८ रोजी मिनियापोलिसजवळच्या ब्लूमिंग्टन येथील मेट सेंटरमध्ये ओकलंड सील्स संघाशी सामना होता. सील्स हाही त्याच वर्षी दाखल झालेला नवा संघ. सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. मास्टरटन वेगाने पुढे सरसावले आणि त्यांनी पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, सहकाऱ्याकडे सरकवली. त्याच क्षणी सील्सचे बचावपटू लॅरी केहन आणि रॉन हॅरिस यांचे धक्के त्यांना बसले. मास्टरटन मागच्या बाजूला कोसळले आणि त्यांचे डोके बर्फावर आपटले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या काळी लीगमधील बहुसंख्य खेळाडू हेल्मेट वापरतच नसत आणि वापरणाऱ्याकडे भित्रा म्हणून पाहिले जाई. मास्टरटन यांना रुग्णालयात हलवण्यात आले, पण मेंदूला झालेली इजा इतकी गंभीर होती की शस्त्रक्रिया करणेही डॉक्टरांना शक्य झाले नाही. सुमारे ३० तासांनंतर त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन लहान मुले होती.

हा धक्का नियमात कसा बसला, हे समजण्यासाठी खेळाची रीत पाहिली पाहिजे. आपल्याकडे लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर रंगणाऱ्या सामन्यांमुळे हा खेळ आता अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. खेळाडू स्केट्स घालून ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात. ज्याच्याजवळ पक आहे, किंवा ज्याने तो नुकताच सोडला आहे, त्याला खांद्याने, कमरेने वा धडाने धक्का देऊन पकपासून दूर करणे हा बचावाचा मान्य प्रकार आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड हा गुन्हा नसून खेळच असतो, तसेच हे. मात्र ज्याच्याकडे पक नाही त्याला अडवणे, लांबून धावत येऊन वा उडी मारून आदळणे, कोपर मारणे, पाठीमागून ढकलणे आणि प्रतिस्पर्ध्याला कडेच्या फळ्यांवर आपटणे हे दंडनीय आहे. अपराधानुसार खेळाडूला दोन किंवा पाच मिनिटे बाहेर बसवले जाते. गंभीर प्रकरणात त्याला उर्वरित सामन्यास मुकावे लागते. धक्का किती जोराचा होता, याला या नियमांत स्वतंत्र स्थान नव्हते. तो कोणाला, कसा आणि केव्हा दिला एवढेच पाहिले जात असे. १३ जानेवारीच्या त्या प्रसंगात पंचांच्या मते धक्का जोरदार होता, पण त्यात दुष्टावा नव्हता. केहन वा हॅरिस यांच्यावर कोणतीही कारवाई झाली नाही. हॅरिस यांच्या मनाला मात्र ही घटना पुढे अनेक वर्षे सलत राहिली.

येथे एक जुना प्रसंग आठवतो. १२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टनमध्ये एडी शोर यांनी टोरंटोच्या एस बेली यांना पाठीमागून धडक दिली होती. बेली यांची कवटी फुटली. ते वाचले, पण पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. शोर यांच्यावर १६ सामन्यांची बंदी घालण्यात आली. म्हणजे तेथे धक्का अवैध होता आणि खेळाडू जगला. मास्टरटन यांच्या बाबतीत धक्का वैध होता आणि खेळाडू गेला. परिणामावरून दोष ठरवावा की कृतीवरून, हा नीतिशास्त्रातील जुनाच प्रश्न बर्फावर येऊन उभा राहिला. न्यायालयांनी या प्रकरणांत सहसा अंतर राखले आहे. २००४ मध्ये टॉड बर्टुझी यांनी स्टीव्ह मूर यांच्यावर मागून केलेल्या हल्ल्यासारख्या, खेळाशी संबंधच उरत नाही अशा कृत्यांचाच फौजदारी विचार झाला. नियमातील धक्का न्यायालयापर्यंत जात नाही, कारण मैदानात उतरताना खेळाडूने तो पत्करलेला असतो असे मानले जाते.

ही संमती नेमकी कशाला दिलेली असते, याबाबत सर्वत्र एकमत नव्हते. मास्टरटन अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळत होते, त्या वेळी आंतरराष्ट्रीय सामन्यांत मैदानाच्या सर्व भागांत बॉडी चेकला परवानगी नव्हती. ती १९६९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, देण्यात आली. खेळ एकच, पण एका ठिकाणी जे वैध ते दुसऱ्या ठिकाणी निषिद्ध होते. त्यामुळे धक्का हा या खेळाचा प्राण आहे, असे जे ठासून सांगितले जाते ते पूर्णपणे खरे मानता येत नाही.

मास्टरटन यांच्या निधनानंतर चर्चा धक्क्यापेक्षा हेल्मेटवरच अधिक झाली. दुसऱ्याच दिवशी टोरंटोमध्ये लीगचा ऑल स्टार सामना होता आणि तेथेही हाच विषय होता. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी सक्ती नाकारून हेल्मेट ऐच्छिक ठेवले. ते सक्तीचे होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. त्यातही जुन्या करारातील खेळाडूंना सूट होती. या सवलतीखाली हेल्मेटविना खेळणारे शेवटचे खेळाडू क्रेग मॅकटॅविश १९९७ मध्ये निवृत्त झाले. ज्या बदलासाठी एक जीव पुरेसा ठरायला हवा होता, तो पूर्णत्वास जाण्यास २९ वर्षे लागली.

२०११ मध्ये टोरंटो स्टार या दैनिकाने जुने वैद्यकीय अहवाल मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा या प्रकरणाला वेगळे वळण मिळाले. त्या धक्क्यापूर्वीच मास्टरटन यांच्या मेंदूला इजा झालेली असावी आणि तिच्यावर उपचार न होता ते खेळत राहिले असावेत, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. त्या दिवसांत ते डोकेदुखीची तक्रार करत असत, असे त्यांच्या सहकाऱ्यांनाही आठवत होते. तसे असेल तर दोष एका धक्क्यापुरता उरत नाही. डोक्याला मार बसूनही खेळाडूला पुन्हा मैदानात उतरू देणाऱ्या व्यवस्थेकडे तो जातो.

योगायोग असा की त्याच सुमारास लीगला बॉडी चेकच्या नियमालाही हात घालावा लागला. ७ मार्च २०१० रोजी मॅट कूक यांनी बोस्टनच्या मार्क सॅव्हार्ड यांच्या डोक्यावर खांद्याने आघात केला. सॅव्हार्ड बेशुद्ध पडले. कूक यांना दंड झाला नाही आणि निलंबनही झाले नाही, कारण तसा नियमच नव्हता. काही आठवड्यांतच, डोक्याला लक्ष्य करून बाजूने वा नजरेआडून दिलेला धक्का अवैध ठरवण्यात आला आणि २०११ मध्ये या नियमाची व्याप्ती वाढवण्यात आली. लहान मुलांच्या हॉकीतूनही बॉडी चेक वगळण्यास सुरुवात झाली. १३ वर्षांखालील गटात अमेरिकेने २०११ मध्ये, तर कॅनडाने २०१३ मध्ये त्यावर बंदी घातली.

मास्टरटन यांच्या स्मरणार्थ लीगने १९६८ मध्येच बिल मास्टरटन स्मृती करंडक सुरू केला. चिकाटी, खिलाडूवृत्ती आणि खेळावरील निष्ठा यांसाठी तो दरवर्षी दिला जातो आणि विजेत्याची निवड हॉकीवर लिहिणारे पत्रकार करतात. पहिला मान मॉन्ट्रियलच्या क्लॉड प्रोव्होस्ट यांना मिळाला. गंभीर आजारातून वा दुखापतीतून सावरून परतलेल्या खेळाडूंचा या करंडकासाठी अनेकदा विचार होतो. नॉर्थ स्टार्सने १९८७ मध्ये मास्टरटन यांचा १९ क्रमांकाचा पोशाख कायमचा निवृत्त केला. १९९३ मध्ये हा संघ टेक्सास राज्यातील डलास येथे गेला आणि त्याचे नाव डलास स्टार्स झाले, पण तेथेही १९ क्रमांक कोणत्याही खेळाडूला देण्यात येत नाही.