रमाबाईंची शरणागती

ईश्वराला शरण जाणे ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. संतांनी ती घरोघर पोचविली. तथापि शरणागती म्हणजे स्वतंत्र विचाराला दिलेली सोडचिठ्ठी, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र हा समज तपासून पाहावयास लावते. ज्या स्त्रीने आयुष्यभर कोणाही माणसाचे स्वामित्व मानले नाही, तिने आपले सर्वस्व मात्र देवाच्या हाती सोपविले. ते तिला एका दिवसात साधले नाही.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि मातेने ते कन्येला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. पुढे दुष्काळ आला. होते नव्हते ते दानधर्मात आणि देवकार्यात संपले. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत उपासमारीने १८७४ मध्ये पिता गेले. पाठोपाठ माता आणि थोरली बहीणही गेली. मृत्यूपूर्वी पित्याने आपल्या धाकट्या कन्येला ईश्वराच्या स्वाधीन केले होते. पण ज्या देवांसाठी उपास केले, त्यांनी अन्नाचा घास दिला नाही, हा अनुभव तिच्या मनात सलत राहिला. भाऊ श्रीनिवास याच्यासह ती शेकडो कोस पायी चालली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून त्यांत रात्री काढल्या. विश्वास आटला तो याच वाटेवर.

१८७८ मध्ये कलकत्त्याने तिच्या विद्वत्तेचा गौरव केला, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी तिने विवाह केला. १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही नेला. मांडीवर मनोरमा, वय अवघे तेवीस. पुण्यास येऊन तिने आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंड गाठले.

तेथे पतित स्त्रियांना आश्रय देणाऱ्या भगिनींचे कार्य तिने पाहिले. ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीला दिलेली वागणूक वाचून तिचे मन हलले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. तो आघात सोसून रमाबाई उभ्या राहिल्या. चर्चच्या अधिकाऱ्यांची अपेक्षा होती की नव्याने दीक्षा घेतलेल्या या बाईने आता निमूटपणे आज्ञा पाळावी. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी शंका उपस्थित केल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे मत बिशपांनी दिले तेव्हा त्यांनी त्याचा परखड प्रतिवाद केला. देवाची आज्ञा आणि पुरोहिताची आज्ञा एकच नव्हेत, हा भेद त्या मायदेशी शिकल्या होत्या. परदेशात त्यांनी तो पुसू दिला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांना शिक्षण मिळावे, धर्माबाबत तटस्थता असावी, या अटीवर रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळात साथ दिली. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली येऊन बसू लागल्या तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. रमाबाईंच्या दृष्टीने, आपल्या घरात आपण दार लावून प्रार्थना करावी, ही अट न्याय्य नव्हती. त्यांना हवे असलेले लोक दूर गेले, ही या निष्ठेची किंमत होती.

धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त सापडला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या विद्वत्तेची आणि पुण्याची बेरीज बाजूला ठेवून त्या रित्या हाताने देवापुढे गेल्या. या विश्वासाची कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली. हाती असलेला पैसा थोड्याच मुलींना पुरेसा असताना त्यांनी मध्य प्रांतांतून सुमारे तीनशे मुली आणल्या. त्या मुलींच्या सुकलेल्या चेहऱ्यांत त्यांना आपलेच बालपण दिसले होते. पुण्यातील प्लेगच्या काळात केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. पुढे ठरावीक उत्पन्नाची हमी नसताना १९०० च्या गुजरातेतील दुष्काळाने आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात नेली. प्रार्थनेवर भिस्त ठेवणाऱ्या या बाईने विहिरी खणल्या, फळबागा लावल्या, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना चालविला. भरवसा आणि काम यांत त्यांना विरोध दिसला नाही.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवू लागल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. पित्याने एके काळी त्यांना देवाच्या हाती दिले होते; आता एकुलत्या कन्येला त्याच हाती देण्याची पाळी आली. त्यांनी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मतभेद राहतील, आणि राहावेत. पण दुष्काळात देवाने ऐकले नाही म्हणून रुसलेली मुलगी दुसऱ्या दुष्काळात शेकडो मुलींची भाकरी होते, या प्रवासाचे मोल त्या वादाने कमी होत नाही.