कोऱ्या रकान्याचा अर्थ

तक्त्यातील उत्पन्नाचा रकाना कोरा दिसला, तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? उत्पन्न शून्य आहे, त्याची माहिती मिळालेली नाही, की तो प्रश्नच गैरलागू आहे? आपल्या कचेऱ्यांत यासाठी ‘निरंक’, ‘माहिती अप्राप्त’ आणि ‘लागू नाही’ असे निरनिराळे शेरे आहेत. संगणकाला मात्र हा विवेक शिकवावा लागला. त्यासाठी आग्रह धरणारे गणिती म्हणजे एडगर कॉड.

१९२३ साली इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात जन्मलेल्या कॉड यांनी ऑक्सफर्डला गणित व रसायनशास्त्राचे अध्ययन केले. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. १९४८ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि नंतर आयबीएम कंपनीत रुजू झाले. पुढे सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला विटून त्यांनी काही काळ कॅनडा जवळ केला. परतल्यावर १९६५ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. सारी माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने साठवावी, हा त्यांचा १९७० चा निबंध युगप्रवर्तक ठरला.

तक्ते आले, तसे कोरे रकानेही आले. १९७९ च्या निबंधात कॉड यांनी सत्य व असत्य यांच्या जोडीला ‘अज्ञात’ हे तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र मांडले. अज्ञाताची खूण शून्याहून आणि रिकाम्या अक्षरमालेहून वेगळी असलीच पाहिजे, हा दंडक त्यांनी १९८५ च्या आपल्या सुप्रसिद्ध नियमांत घातला. १९९० च्या ग्रंथात ‘अप्राप्त’ व ‘गैरलागू’ यांसाठी दोन स्वतंत्र खुणा सुचविल्या. पण प्रचलित एसक्यूएल भाषेने एकच ‘नल’ ठेवला. त्यांचे सहकारी क्रिस डेट यांना तर अशी खूणच अमान्य होती.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. समजा, तीन कुटुंबांपैकी दोघांचे उत्पन्न ४०० व ६०० रुपये असून तिसऱ्याचे अज्ञात आहे. अज्ञात वगळल्यास सरासरी ५०० येते; ते शून्य धरल्यास सुमारे ३३३. याहून गंभीर गोष्ट अशी की, ५०० हून कमी उत्पन्नाची यादी मागितली तरी तिसरे कुटुंब त्यात येत नाही आणि ५०० वा अधिक उत्पन्नाची मागितली तरी येत नाही. दोन्ही याद्यांतून ते निसटते.

१९८१ चा ट्युरिंग पुरस्कार लाभलेले कॉड २००३ साली निवर्तले. आपले अज्ञान प्रामाणिकपणे नोंदविणे हेही ज्ञानच होय, हा त्यांच्या कार्याचा बोध आहे. अज्ञाताला शून्य मानणाऱ्या नियोजनात गरीब चुकीचा मोजला जातो. अज्ञाताला मुकाट्याने वगळणाऱ्या नियोजनात तो मोजलाच जात नाही.