चरित्र परिचय : वॉल्ट डिस्ने आणि कमी पडलेली 160 एकर



गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल घाट उतरून एका थीम पार्कला गेली होती. आम्ही मावळातले, म्हणजे ही सहल तशी जवळची. पण गर्दी एवढी की एका राइडसाठी सव्वा तास रांगेत उभं राहिलो आणि राइड तीन मिनिटांत संपली. परतीच्या गाडीत चौथीतल्या एका मुलाने विचारलं की एवढी माणसं येतात तर हे लोक पार्क मोठं का करत नाहीत. मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरच्या मुलीने उत्तर दिलं, की जागा कुठे आहे, शेजारी सगळी लोकांची शेतं आहेत.

आमच्याकडची मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की सातबारा, गुंठा, एजंट, एनए हे शब्द ओळखतात. ते पाठ्यपुस्तकातून नाही, घरातून येतात. म्हणून त्या आठवड्यात चरित्रकथनाच्या तासाला मी वॉल्ट डिस्ने घेतला. मिकी माउसवाला म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो. मी मात्र त्याच्या आयुष्यातला जागेचा भाग जास्त सांगितला. तोच इथे देत आहे.

बालपण

वॉल्टचा जन्म 5 डिसेंबर 1901 रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. वडिलांचं नाव एलियास, आईचं फ्लोरा. वॉल्ट चार वर्षांचा असताना घर मिसूरी राज्यातल्या मार्सेलिन या छोट्या गावी गेलं. तिथे त्यांची सुमारे 45 एकर शेती होती. डुकरं, कोंबड्या, सफरचंदाची झाडं आणि गावाजवळून जाणारी रेल्वे. ही चार-पाच वर्षं तो जन्मभर विसरला नाही. पुढे त्याने पार्क उभं केलं तेव्हा दारातून आत शिरल्यावर लागणारा पहिला रस्ता या गावाच्या बाजारपेठेच्या आठवणीवर बेतला.

पण वडील आजारी पडले, शेती झेपेना, ती विकावी लागली. कुटुंब कॅन्सस सिटीला गेलं. वडिलांनी वर्तमानपत्रं वाटायचा मार्ग घेतला आणि वॉल्ट व त्याचा आठ वर्षांनी मोठा भाऊ रॉय पहाटे उठून पेपर टाकू लागले. बर्फ पडत असला तरी सुट्टी नाही. मग वर्गात वॉल्टला डुलकी लागायची. (आपल्या वर्गात मागच्या बाकावर झोपणाऱ्या मुलाला उठवण्याआधी मी हल्ली विचारतो, सकाळी कितीला उठलास?)

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वय खोटं सांगून तो रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर फ्रान्सला गेला. परत येऊन कार्टून फिल्मची कंपनी काढली, ती 1923 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी हॉलीवूडला जाऊन रॉयबरोबर नवी सुरू केली. 1928 मध्ये त्याचं ओस्वाल्ड नावाच्या सशाचं पात्र वितरकाने करारातल्या हक्काच्या जोरावर काढून घेतलं आणि त्या धक्क्यातून मिकी माउस आला. 1937 मध्ये स्नो व्हाइट हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट आला. कल्पना वॉल्टच्या आणि हिशेब रॉयचा, हे शेवटपर्यंत चाललं.

बाकावर बसलेला बाप

वॉल्टला दोन मुली, डायन आणि शॅरन. रविवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसवायला न्यायचा. मुली घोड्यावर आणि हा बाकावर शेंगदाणे खात. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा का नसावी, हा विचार त्याला त्या बाकावर बसून आला. आपल्यापैकी कितीतरी पालक जत्रेत पाळण्याखाली चपला सांभाळत उभे असतात, त्यांना हे लगेच पटेल.

सुरुवातीला त्याला बरबँक गावात स्टुडिओच्या समोरचा छोटा तुकडा पुरेसा वाटला होता. पण तिथल्या नगरपालिकेला जत्रेचा गोंगाट दारात नको होता, आणि इकडे वॉल्टच्या कागदावरचं पार्कही वाढत चाललं होतं. मग 1953 मध्ये त्याने एका संशोधन संस्थेला जागा शोधायचं काम दिलं. लोकवस्ती कुठल्या दिशेने वाढते आहे, ऊन-पाऊस किती, नवा महामार्ग कुठून जाणार, असा सगळा अभ्यास करून त्यांनी अनाहाइम हे संत्र्याच्या बागांचं गाव सुचवलं. जागा 160 एकर. मुलांना फळ्यावर गुणाकार करायला लावला : 6400 गुंठे. वर्गात एकदम शांतता झाली.

पैसा उभा करणं सोपं नव्हतं. वॉल्टने स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं, सुट्टीतलं घर विकलं. रॉयने टीव्ही कंपनीशी करार केला. तरी खर्च वाढत वाढत 1 कोटी 70 लाख डॉलरपर्यंत गेला.

ही जमीन काही रिकामी नव्हती. वेगवेगळ्या मालकांच्या बागा होत्या, घरं होती. त्यात डोमिंगेझ नावाचं एक कुटुंब होतं. त्यांच्या अंगणात 1896 साली लावलेलं एक खजुराचं झाड होतं. कुटुंबाची इच्छा म्हणून ते तोडलं नाही, उचलून पार्कातच दुसरीकडे लावलं, आणि जंगल सफरीच्या बोटींजवळ ते पुढेही उभं राहिलं. या घरातला रॉन नावाचा तरुण पार्क उघडायच्या थोडे दिवस आधी तिथेच कामाला लागला आणि पुढे कंपनीत फार मोठ्या पदावर जाऊन 1994 मध्ये निवृत्त झाला. ज्या जमिनीवर लहानाचा मोठा झाला, तिथेच नोकरी. मागच्या सीटवरची ती मुलगी हे ऐकताना फार लक्ष देऊन बसली होती. तिच्या घरची भाताची खाचरं आजोबांच्या वेळी गेली, तिथे आता बंगल्यांची स्कीम आहे आणि तिची आई तिथे कामाला जाते.

गर्दी आणि बांध

17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ! बनावट पास घेऊन हजारो लोक घुसले, उन्हाने नवं डांबर मऊ होऊन बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या, प्लंबरच्या संपामुळे पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. पण लोक येतच राहिले. दोन महिने व्हायच्या आत दहा लाख माणसं येऊन गेली.

आणि मग खरी अडचण सुरू झाली. वॉल्टने सगळा पैसा पार्कात घातला होता, आजूबाजूची जमीन घ्यायला काही उरलं नव्हतं. ती दुसऱ्यांनी घेतली. बघता बघता पार्काभोवती मोटेल, हॉटेल, जाहिरातींचे दिवे असा वेढा पडला. खुद्द डिस्नेलँड हॉटेलही दुसऱ्याच उद्योजकाने बांधलं होतं. ते कंपनीच्या हातात यायला 1988 उजाडलं. लोणावळ्यात भुशी डॅमच्या वाटेवर पावसाळ्यात जे दिसतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या वेढ्याची कल्पना येईल.

पार्काभोवती वॉल्टने आधीच मातीचा उंच बांध घातला होता. त्यावरून आगगाडी फिरायची. आतल्या माणसाला बाहेरचं जग दिसू नये हा हेतू. आता तोच बांध कुंपण झाला. मग त्याच्या माणसांनी आहे त्याच जागेत जागा काढली. ती कशी काढली हे मला सगळ्यात आवडतं. किल्ल्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची एक टेकडी पडून होती. 1959 मध्ये त्या जागी 147 फुटी मॅटरहॉर्न डोंगर बांधून त्याच्या पोटातून गाड्या सोडल्या. त्याच वर्षी खाली तळ्यात पाणबुड्या आणि डोक्यावर मोनोरेल सुरू झाली. एकाच जमिनीचे दोन-तीन मजले!

समुद्री चाच्यांची राइड तर आधी तळघरातलं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन होणार होती. नंतर बोटी घ्यायचं ठरलं आणि तळघर पुरेना. तेव्हा बोट धबधब्यावरून खाली सोडली, रेल्वेच्या बांधाखालून बोगद्याने पलीकडे नेली आणि खरी राइड पार्काच्या बाहेर मोठ्या शेडमध्ये बांधली. बसलेल्याला वाटतं आपण आतच आहोत.

पण बोगदे खणून किती खणणार? वॉल्टला आता हवी होती ती सगळीकडून मोकळी जमीन.

फ्लोरिडा

22 नोव्हेंबर 1963 रोजी वॉल्टने विमानातून फ्लोरिडातल्या ऑर्लँडो गावाजवळचा भाग पाहिला. दलदल, झाडी, कुरणं, आणि दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात अशी जागा. म्हणजे आपल्याकडे एक्सप्रेसवेचा एक्झिट जिथे असतो तसली. पण अनाहाइमचा अनुभव पाठीशी होता. डिस्नेचं नाव कळलं तर भाव भडकणार. म्हणून वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून, वकील आणि दलालांमार्फत, 1964-65 मध्ये गुपचूप खरेदी झाली. मोठी कुरणं घेतली, तसेच पूर्वी टपालाने विकले गेलेले आणि मालकांनी कधी डोळ्यांनी न पाहिलेले छोटे छोटे तुकडेही घेतले. घेणारा कोण यावर गावात पैजा लागत. कोणी म्हणे मोटार कंपनी, कोणी म्हणे विमान कंपनी. ऑक्टोबर 1965 मध्ये ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राच्या एमिली बावार या बातमीदार बाईंनी नाव फोडलं, तोवर 27 हजार एकरांहून जास्त जमीन हातात आली होती. एकूण सुमारे 50 लाख डॉलर, म्हणजे एकराला सरासरी 200 डॉलरच्या आत. बातमी छापून आल्यावर उरलेल्या जमिनीचे भाव कित्येक पटींनी चढले.

ही हुशारी होती यात शंका नाही. कायदाही मोडलेला नाही. तरी मला स्वतःला इथे वॉल्टचं निव्वळ कौतुक करता येत नाही, आणि वर्गात मी तसं सांगितलं. अनाहाइमला खजुराचं झाड मागणाऱ्या कुटुंबाला आपण कोणाला विकतोय ते माहीत होतं. फ्लोरिडात विकणाऱ्यांना माहीत नव्हतं.

वॉल्टला तिथे नुसतं पार्क नाही तर नमुन्याचं एक शहरच वसवायचं होतं. पण तो सतत सिगारेट ओढायचा. 15 डिसेंबर 1966 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने बरबँकमध्ये, स्टुडिओसमोरच्याच रुग्णालयात तो गेला. वय 65. चाच्यांची राइड तीन महिन्यांनी सुरू झाली. रॉयने निवृत्ती पुढे ढकलली. जमिनीत पाणी इतकं वर होतं की खाली खणून तळघर करणं अशक्य. म्हणून शेजारी तळं खणून त्याच्या मातीने भराव केला, कामगारांच्या ये-जा करायच्या वाटा आहे त्या जमिनीवरच बांधल्या आणि पार्क त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर उभं केलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी ते उघडलं. आपल्या भावाचं पूर्ण नाव त्याला मिळावं असा रॉयचा आग्रह होता, म्हणून वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. त्याच डिसेंबरात रॉयही वारला.

जुन्या अनाहाइमला दुसरं पार्क 2001 मध्ये झालं. त्याला जागा मिळाली ती पार्किंगच्या मैदानात!

वर्गात काय केलं

गोष्ट झाल्यावर चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे डिस्नेलँडची 160 एकर असं मानून फ्लोरिडाची जमीन काढायला सांगितली. भागाकार साधारण 170 चा येतो. 13 गुणिले 13 चा चौरस काढला की जवळपास जुळतं. तिसरी-चौथीला क्षेत्रफळ शिकवताना जरूर करून पाहा.

दुसरा उपक्रम घरी द्यायचा : आपल्या गावात आता जिथे बंगला, हॉटेल किंवा रस्ता आहे तिथे आधी काय पिकायचं, हे आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहायच्या. आमच्याकडे बहुतेकांनी इंद्रायणी भात लिहिला. एकाने करवंदाच्या जाळ्या लिहिल्या. त्या मुलीने पाच ओळींऐवजी चित्र काढून आणलं. खाचरं, बांध, आणि बांधावर एक आंब्याचं झाड. ते झाड अजून आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, स्कीमच्या गेटच्या आत आहे, आईला दिसतं.