आई जवळ आली आणि मुलाने मार चुकवायला हात वर केला : रुडयार्ड किपलिंगचं बालपण

मोगलीची गोष्ट लिहिणारा रुडयार्ड किपलिंग जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५ चा त्याचा जन्म. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. मुलाचा दिवस आया आणि नोकरांच्या अंगाखांद्यावर जायचा. आई-वडिलांसमोर इंग्रजीत बोल, हे त्याला मुद्दाम सांगावं लागे, इतकी हिंदुस्थानी त्याच्या तोंडात बसली होती.

१८७१ मध्ये हे सगळं एकदम संपलं. इथल्या रोगराईच्या भीतीने आणि मुलं इंग्रजी वळणाची व्हावीत म्हणून त्या काळचे साहेब लोक मुलांना विलायतेला धाडत. सहा वर्षांचाही नसलेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना साउथसी गावात होलोवे नावाच्या कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवण्यात आलं. आपण परत जातोय, हे आई-वडिलांनी मुलांना नीट सांगितलंही नाही.

घरातले कॅप्टन होलोवे प्रेमळ होते, पण ते १८७४ मध्ये वारले. त्यांची बायको कडक धार्मिक. ट्रिक्स तिची लाडकी आणि रुडयार्ड पापी, अशी वाटणी तिने करून टाकली. रोज झोपण्याआधी दिवसभराच्या बारीकसारीक गोष्टींची उलटतपासणी व्हायची. पेंगुळलेल्या मुलाच्या उत्तरांत फरक पडला की तो खोटारडा ठरायचा. मग मार आणि नरकाची भीती. तिचा मोठा मुलगा हॅरी त्याच खोलीत झोपायचा, त्यामुळे छळ रात्रीही सुटत नसे.

शाळेतही तो मागे पडू लागला. खरं कारण होतं डोळे. त्याला नीट दिसतच नव्हतं आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकदा वाईट शेऱ्यांचं प्रगतिपुस्तक त्याने फेकून दिलं आणि मिळालंच नाही म्हणाला. शिक्षा म्हणून पाठीवर ‘खोटारडा’ अशी पाटी लावून त्याला रस्त्यातून शाळेत पाठवलं गेलं. पुढे त्याला नसलेल्या सावल्या दिसू लागल्या, तेव्हा कुठे डॉक्टर आले आणि नजर किती अधू आहे ते कळलं.

दर डिसेंबरात तो लंडनला मावशीकडे जायचा. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांची पत्नी जॉर्जियाना ही त्याची मावशी. तिथे लाड होते, गोष्टी होत्या, भावंडं होती. मग तिला त्याने काहीच का सांगितलं नाही? हा प्रश्न मावशीने नंतर त्याला अनेकदा विचारला. त्याचं म्हणणं असं, की मूल वाट्याला येईल तेच जगाचा नियम समजतं. शिवाय बोललो तर परतल्यावर काय होईल, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. छळ झालेली मुलं गप्प का राहतात, याचं इतकं नेमकं उत्तर क्वचितच वाचायला मिळतं.

१८७७ मध्ये आई आली. रात्री पापा घ्यायला ती वाकली आणि मुलाने तोंडावरचा फटका अडवायला हात वर केला. आईला वेगळं काही विचारावं लागलं नसेल.

अशा हाताची उकल आज करता येते. सतत धाकात वाढणाऱ्या मुलाची शरीर-यंत्रणा कायम सावध राहते. समोरच्या चेहऱ्यावरचा राग अशा मुलांना इतरांपेक्षा लवकर ओळखू येतो. पण लक्ष धोक्यावर खिळलं की अभ्यासाला उरत नाही, झोपही बिघडते. किपलिंगला निद्रानाशाने मोठेपणीही छळलं. त्याने स्वतः मात्र या काळाचा एक फायदाही मोजला : माणसांचे मूड ओळखायची आणि बोलणं नि वागणं यांतला फरक हेरायची सवय लागली, ती लेखनात कामी आली. हा हिशोब त्याचा. आपण त्यावरून माराचं समर्थन काढायची गरज नाही. लाडकी ठरलेली ट्रिक्सही पुढे अनेक वर्षं मानसिक आजाराने त्रस्त होती. त्याचं कारण तेच घर, असं मात्र खात्रीने म्हणता येत नाही.

१८८८ मध्ये ‘बा बा, ब्लॅक शीप’ या कथेत त्याने ते घर उभं केलं. त्यात त्याने रंग भरला, असं काही चरित्रकारांना वाटतं. पण १९०७ चं नोबेल मिळवलेला हा माणूस सत्तरीत आत्मचरित्र लिहायला बसला, तेव्हाही त्या घराच्या आठवणी तितक्याच कडवट होत्या. १९३६ मध्ये तो गेला, पुस्तक पुढच्या वर्षी आलं.

मावशीच्या दारावरच्या घंटेची ओढणी त्याने पुढे मागून घेतली आणि स्वतःच्या घराच्या दाराला लावली. ती ओढताना इतर मुलांनाही आपल्यासारखाच आनंद व्हावा, अशी त्याची इच्छा होती.